गड चढणाऱ्यांबरोबर हौदात उतरणाऱ्यांविषयीही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कुबड्यांवर गड चढलेला तरुण, एका हातानं वजन उचलणारी मुलगी, कृत्रिम पाय लावून धावणारे गृहस्थ. छायाचित्रं सुरेख आहेत. त्या सगळ्यांचं मनापासून कौतुक. पण पुरवणी आली त्याच दिवशी दुपारी माझ्या जुन्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्यातलं गडाचं छायाचित्र मला मोबाईलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘बघा बाई, ही पोरं गड चढतात आणि तुम्ही स्कूटर घेतली!’ शेवटी हसरा चेहरा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरीही हे पत्र लिहायला बसले ते त्या ओळीमुळंच.

मी सांगली जिल्ह्यातली, वाळवा तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मला पोलिओ झाला १९६५ मध्ये, दीड वर्षाची असताना. तेव्हा आमच्या गावात डोस नव्हता. ‘ताप आला, कुणीतरी कमरेत इंजेक्शन दिलं, ताप उतरला आणि पाय गेला’ एवढीच आईच्या तोंडची हकिकत. डावा पाय मांडीपासून लुळा. उजवा चांगला, असं सगळे म्हणत. मीही पन्नाशीपर्यंत तसंच म्हणत होते.

लहानपणी आणि नंतर बरीच वर्षं मी डाव्या मांडीवर हात दाबून चालले. पोलिओ झालेली माणसं तुम्ही अशी चालताना पाहिली असतील. पाऊल टाकलं की हात मांडीवर, शरीर पुढं वाकलेलं. मांडीच्या पुढच्या स्नायूत बळ नसलं की अंगाचा भार आल्यावर गुडघा दुमडतो आणि माणूस कोसळतो. तो दुमडू नये म्हणून हातानं मागं रेटायचा. असं रेटून रेटून गुडघा उलटा, मागच्या बाजूला वाकायला लागतो. पुढं नोकरीत असताना लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा कॅलिपर आला, कमरेखालपासून बुटापर्यंत. गुडघ्याशी खटका. उभं राहताना तो खट् करून बसवायचा, बसताना उचलायचा. बाई उठल्या की बसल्या हे माझ्या वर्गातली पोरं फळ्याकडं पाठ असतानासुद्धा ओळखायची.

नोकरी मी रडतखडत केली नाही. पटनोंदणीला वाड्यावस्त्यांवर गेले, प्रभातफेरीत चालले, सहलीला पोरांबरोबर गेले. ज्या कामातून सवलत मिळाली असती तिथंही ती मागितली नाही. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते तुम्हाला ठाऊक आहे. उजवा पाय वर ठेवायचा, दांडा धरायचा आणि उरलेलं शरीर खांद्याच्या जोरावर ओढून घ्यायचं. भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत मिळायची, पायरीच्या उंचीत नाही. या सगळ्याला लोक ‘जिद्द’ म्हणायचे. जिद्दीबद्दल शाल-श्रीफळंही मिळाली. एकदा तर सत्कार ज्या व्यासपीठावर होता त्याला कठडा नसलेल्या पायऱ्या होत्या. मला चढवायला दोन शिक्षक धरून उभे, आणि सूत्रसंचालक माईकवरून माझी जिद्द वर्णन करतायत.

डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून आमच्या शाळेतल्या बूथवर पोलिओ रविवारी मी असायचीच. कुणी आई टाळाटाळ करायला लागली की अंगणवाडी सेविका माझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, ‘बाईंचा पाय बघा, मग ठरवा.’ मला त्याचा राग आला नाही. पाय कशाच्या तरी कामाला येत होता. डोस पाजलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, रजिस्टरात खूण करायची, पेटीतला बर्फ बघायचा. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या केंद्रात पेढे वाटले. मी खाल्ले आणि घरी येताना शाळेच्या फाटकाशी उजव्या पायावर पडले.

उजव्या. म्हणजे चांगल्या.

तिथून पुढची हकिकत माझ्या एकटीची नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उजव्या मांडीत बळ कमी व्हायला लागलं. चार वाजता शाळा सुटायच्या वेळी असं दमायला व्हायचं की खुर्चीतून उठणं नको वाटायचं. झोपून उठलं तरी शीण तसाच. खांदे दुखायचे. थंडीत पाय गुडघ्यापासून खाली निळा आणि बर्फासारखा गार. डॉक्टर बदलून पाहिले. एक म्हणाले, वय झालं. दुसरे म्हणाले, वजन वाढलंय, चाला. तिसऱ्यांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं. मुलाच्या आग्रहानं मी तालुक्याच्या गावी एका व्यायामशाळेत नाव घातलं. तिथला शिक्षक तरुण, उमदा, मनापासून शिकवणारा. त्यानं मला उठाबशा सांगितल्या, सायकल सांगितली, जिना सांगितला. स्नायू थरथरायला लागला की म्हणायचा, ‘मॅडम, आता खरा व्यायाम सुरू झाला. अजून पाच.’ निरोगी माणसाच्या बाबतीत तो चुकत नसेल. मी मात्र तिथून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंथरुणावरून उठू शकत नसे, आणि काही महिन्यांत जो जिना मी कॅलिपर लावून वर्षानुवर्षं चढत होते तो चढता येईना.

याला नाव आहे. पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. पोलिओ होऊन गेल्यावर पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, नव्यानं अशक्तपणा येतो, थकवा येतो, सांधे आणि स्नायू दुखतात. काहींना झोपेत श्वासाचा, गिळण्याचा त्रास होतो. विषाणू परत आलेला नसतो, हा आजार दुसऱ्याला लागत नाही. एखादी रक्ततपासणी करून तो कळत नाही. थायरॉईड, मणक्याचा दाब, रक्तक्षय असं बाकीचं सगळं तपासून वगळावं लागतं. आणि त्यावर औषध नाही. मला हे सांगितलं एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं. माझ्या मुलीहून लहान. मिरजेला दुसऱ्याच कुणाला तरी दाखवायला गेले असताना तिची गाठ पडली. तिनं पोलिओचा ताजा रुग्ण आयुष्यात पाहिलेला नव्हता, पाहणं शक्यच नव्हतं. पण तिनं माझं बोलणं मधे न तोडता ऐकलं, आणि मग कागदावर चित्र काढून समजावलं.

पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. ज्या पेशी मेल्या त्यांच्या ताब्यातले स्नायूंचे धागे बेवारस होतात. तापानंतर पुढच्या महिन्यांत जगलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि ते बेवारस धागे दत्तक घेतात. म्हणून तर पोलिओचं मूल पहिल्यापेक्षा सुधारतं, चालायला लागतं. आमच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक नसला की दुसरा चारही वर्ग सांभाळतो, तसं. फळा, पट, पोषण आहार, दाखले, सगळं त्याच्यावर. वर्षभर तो हे करेल, बाहेरच्याला शाळा नीट चाललेली दिसेल. पण चाळीस वर्षं बदली शिक्षक आलाच नाही तर? चेतापेशींचंही तेच होतं. जादा फुटलेले फाटे झिजायला लागतात, एकेक धागा पुन्हा बेवारस होतो. आणि एखाद्या स्नायूच्या जवळजवळ निम्म्या चेतापेशी गेल्या तरी तो वरवर धडधाकट दिसू शकतो. म्हणजे माझा उजवा पाय चांगला कधीच नव्हता. तो १९६५ पासून जादा तासिका घेत होता.

मग तिनं माझे स्नायू एकेक करून तपासले. बळ शून्य ते पाच असं मोजतात. जमिनीच्या ओढीविरुद्ध अवयव स्वतःच्या बळावर पूर्ण उचलता आला की तीन. तपासणाऱ्यानं हातानं दाबलं तरी टिकला तर चार, भरपूर दाबलं तरी टिकला तर पाच. डाव्या मांडीला दोन मिळाले, उजवीला चार. आयुष्यभर मुलांना गुण दिले, आता माझं प्रगतिपुस्तक. तीनपेक्षा कमी असलेल्या स्नायूला वजन लावून बळकट करायला जायचं नाही, त्याला फक्त आखडू द्यायचं नाही. चारच्या स्नायूला व्यायाम द्यायचा, पण कमी जोराचा, एक दिवस सोडून, मधे विश्रांती घेऊन. बोलता बोलता करता येईल इतपतच. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं किंवा शीण उरला, तर कालचा व्यायाम जास्त झाला असं समजून कमी करायचा. आणि तिचं मुख्य वाक्य: ‘दमल्यावर थांबायचं नाही बाई, दमायच्या आधी थांबायचं.’

हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. आमच्या पिढीच्या पोलिओ झालेल्या माणसांना घरानं, शाळेनं, गावानं एकच शिकवलं होतं: इतरांपेक्षा दुप्पट कर, म्हणजे तुला कुणी कमी म्हणणार नाही. मला थांबायला शिकायला व्यायाम शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अजूनही भांडी घासताना स्टूल ओढून बसायचं लक्षात राहत नाही. सूनबाई न बोलता स्टूल आणून ठेवते.

फिजिओथेरपिस्ट मुलीनं पाण्यातला व्यायाम सांगितला, आणि पाणी कोमट हवं असं बजावलं. थंडीनं पोलिओचे स्नायू आणखी ढिले पडतात. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार निम्म्याहूनही कमी होतो. पडण्याची भीती नसते, पडलंच तरी हाड मोडत नाही. पोलिओच्या पायाचं हाड भार न आल्यानं ठिसूळ असतं, त्यामुळं हे महत्त्वाचं. पाण्याचा हा गुण काही नवा शोध नाही. पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना एकोणचाळिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये पायांचा लकवा झाला तेव्हा पोलिओ असंच निदान झालं होतं. जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या नैसर्गिक कोमट पाण्यात व्यायाम करून बरं वाटतं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि पोलिओच्या रुग्णांसाठी केंद्र उभं केलं.

माझ्याकडं काही वॉर्म स्प्रिंग्ज नाही. जवळच्या शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावावर चौकशीला गेले. उतरायला भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी, सरळ उभी. तीनच्या खालच्या पायानं उभी शिडी उतरता येत नाही आणि चढता तर मुळीच येत नाही. पायऱ्यांचा एक कोपरा असता तर जमलं असतं. तिथल्या गृहस्थांनी वैद्यकीय दाखला मागितला, तो दिला. मग म्हणाले, ‘तुमची जबाबदारी कोण घेणार?’ महिलांची वेळ सकाळी सहाची, पाणी तेव्हा सगळ्यात गार. मी अर्ज परत घेऊन आले.

मार्ग काढला माझ्या भाच्यानं. भावाच्या मळ्यात बोअरवेलजवळ सिमेंटचा चौकोनी हौद आहे, साडेचार फूट खोल. बोअरचं पाणी थंडीच्या दिवसांत बाहेर येतं तेव्हा वाफाळल्यासारखं दिसतं, चांगलं कोमट असतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. भाच्यानं विचारलं, ‘आत्या, पायरी किती उंचीची झेपेल?’ आम्ही विटा एकावर एक ठेवून मापं घेतली. पाच इंच झेपली. त्यानं हौदाच्या एका अंगाला आतून-बाहेरून पाच-पाच इंचांच्या रुंद पायऱ्या बांधल्या, त्यावर खडबडीत फरशी, दोन्ही बाजूंना जीआय पाईपचा कठडा. गवंडी म्हणाला, ‘हौदाला कठडा मी पहिल्यांदाच करतोय.’ खर्च फारसा आला नाही. वाळू मळ्यातलीच होती, पाईप जुन्या ठिबकच्या शेडचा.

माझ्या व्यायामाचं वेळापत्रक आता वीज मंडळाच्या हातात आहे. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा असते, दुसऱ्यात रात्री. दिवसाच्या आठवड्यात मोटर सुरू झाली आणि हौद ताज्या पाण्यानं भरला की वहिनी फोन करते, मी साईडची चाकं लावलेली स्कूटर काढते. पंजाबी ड्रेस घालूनच उतरते. कठडा धरून चालायचं, पुढं, मग मागं, मग कडेकडेनं. पाय बाजूला न्यायचा, आणायचा. पाण्याखाली हातांनी पाणी ढकलायचं, त्यानं खांद्यांना दुखापत न होता काम मिळतं. थोडं केलं की हौदाच्या पायरीवर पाण्यातच बसायचं, वहिनीशी ऊसबिलावर नाहीतर तिच्या सुनेवर बोलायचं, मग पुन्हा थोडं. अंगात अजून जोर आहे असं वाटत असतानाच बाहेर यायचं. घरी खुर्चीत बसून एक किलोच्या डंबेलनं हात, आणि पाठ ताठ ठेवण्याचे दोन प्रकार. एवढाच माझा फिटनेस. याचं छायाचित्र कुणी पुरवणीत छापणार नाही, आणि छापायला आलं तरी ओल्या कपड्यात मी काढू देणार नाही.

यानं काय झालं? डावा पाय होता तसाच आहे. उजव्याचे चार गुण चारच राहिलेत, आणि माझ्या आजारात गुण टिकणं म्हणजे पुष्कळ झालं. पण संध्याकाळी नातवाचा अभ्यास घेण्याइतकं बळ उरतं. रात्री झोप लागते. पडणं जवळजवळ थांबलं. जुन्या लोखंडी कॅलिपरऐवजी प्लॅस्टिकचा हलका घेतला, त्यालाही त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनंच आग्रह केला. आणि स्कूटर. बाजारात, बँकेत, लग्नकार्यात स्कूटरवर जायला लागल्यापासून जी पावलं वाचतात ती मी हौदात आणि स्वयंपाकघरात खर्च करते. गाव मात्र म्हणतं, बाईंनी हाय खाल्ली. कुणी चाकाच्या खुर्चीत बसलं की लोक कुणी वारल्यासारखे चेहरे करतात. लांब चालायला चाकं वापरणं आणि व्यायामाला पाय वापरणं हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत, एवढं पुरवणीतल्या एका जरी लेखात आलं असतं तरी माझ्या सहकाऱ्यानं ती ओळ लिहिली नसती.

मी खेळाच्या विरोधात आहे असा कृपया गैरसमज करून घेऊ नका. मुरलीकांत पेटकर आमच्याच पेठ-इस्लामपूर भागातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग निकामी झालं. मूळचे ते सैन्यातले मुष्टियोद्धे. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्यपदक घेतलं तेव्हा आम्ही घरी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पण या दोघांच्या बातम्यांतही मला उत्सुकता असते ती वेगळ्याच गोष्टींची. पेटकरांना पाण्यात आधी कुणी उतरवलं? सैन्याच्या रुग्णालयात तेव्हा तलावाची, शिकवणाऱ्याची काय सोय होती? एका जवानाला जे मिळालं ते त्याच वर्षी पोलिओनं पाय गमावलेल्या त्याच तालुक्यातल्या मुलीला मिळण्याची शक्यता किती होती? बातमीत फक्त मनगट आणि मन असतं. पायरी, पाणी आणि प्रशिक्षक नसतात.

शिवाय प्रत्येक अपंगत्वाचं गणित निराळं. पाय कापलेल्या माणसाचे उरलेले स्नायू निरोगी असतात, त्यांना घाम गाळून बळकट करता येतं आणि करावंच. मणक्याला इजा झालेल्या माणसाला खांदे जपत दंड कमवावे लागतात, कारण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर त्याला दंडच नेतात. आमचं तसं नाही. सगळ्यांना एकाच ‘जिद्द’ शीर्षकाखाली उभं केलं की वाचणारा पोलिओवाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून जिने चढायला लागतो. माझ्या ओळखीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी अगदी हेच केलं. टाकीवर जाणाऱ्या पायऱ्या रोज चढायचे. आता ते शिलाई मशीनसुद्धा मोटरवर चालवतात, आणि त्यालाही ते स्वतःची कमजोरी समजतात.

आमची संख्या कमी नाही. डोस घरोघर पोचण्याआधी जन्मलेली, आज चाळीस ते सत्तरीतली ही माणसं प्रत्येक गावात आहेत. झेरॉक्सच्या दुकानात, तलाठ्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहीत, पिठाच्या गिरणीवर, शाळेत. सगळी कामातली माणसं, कारण त्यांनी दुप्पट करायचं हे शिकून घेतलेलं असतं. आता ती एकेक करून घरात बसतायत आणि घरचे म्हणतात, वय झालं. माझ्या दिव्यांग प्रमाणपत्रावर माझी स्थिती ‘वाढत न जाणारी’ म्हणून खूण केलेली आहे. ज्या डॉक्टरांनी केली त्यांच्या वेळी तीच समजूत होती. आजही ती खूण तशीच आहे, आणि वाढीव टक्केवारीसाठी फेरतपासणी मागायला गेलं की टेबलामागचा माणूस ती खूण दाखवतो.

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या कलम ३० मध्ये क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. कलम ४५ प्रमाणं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत केव्हाच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. हे मी पेपरातच वाचलं, आतल्या पानावर, छोट्या चौकटीत. गडाच्या छायाचित्राला मात्र पाऊण पान होतं.

गावोगाव बागांमध्ये निळ्या-पिवळ्या यंत्रांच्या खुल्या व्यायामशाळा झाल्यात. आमच्या इथलीही छान आहे, सकाळी बायका येतात. पण यंत्रांभोवती नऊ इंचांचा कट्टा आहे आणि बसून करायचं हातांचं यंत्र त्या कट्ट्याच्या आत, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. माझ्यासारखीला ज्याचा उपयोग ते एकच यंत्र. कट्टा दोन ठिकाणी फोडून उतार केला तर अर्ध्या दिवसाचं काम. ग्रामसभेत मी हे मांडलं. ‘बाई, तुम्ही तर जिद्दी आहात, चढाल की,’ असं एक सदस्य म्हणाले आणि सभा हसली. मीही हसले, पण इतिवृत्तात मागणी लिहून घ्यायला लावली.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की वर्षातून एकदा पुरवणी काढताना एखादं पान फिजिओथेरपिस्टला द्या. पोलिओ झालेल्या वाचकांनी नव्यानं अशक्तपणा, न जाणारा शीण किंवा वारंवार पडणं जाणवलं तर ‘वय झालं’ हे उत्तर घेऊन घरी परतू नये, स्नायूंची तपासणी करून घ्यावी आणि लहानपणी पोलिओ झाला होता हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्यांनाही आठवणीनं सांगावं, कारण भुलेचा परिणाम आमच्यावर जास्त वेळ राहू शकतो. इतकं छापलंत तरी पुष्कळ घरांत उपयोग होईल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसतो का, याची चौकशी आपल्या वार्ताहरांनी केली तर आणखी बरं.

आणि एक स्थानिक मागणी. ज्या तलावावरून मी अर्ज परत घेऊन आले तो उन्हाळी हंगामाआधी दुरुस्तीसाठी रिकामा करतात. फरशा बदलतात, रंग देतात. त्याच सुमारास उथळ बाजूच्या एका कोपऱ्यात पाच-पाच इंचांच्या पायऱ्या आणि दोन्ही अंगांना कठडा बांधून घ्यावा, आणि दुपारी पाणी तापलेलं असतं तेव्हा आठवड्यातून दोनदा तासभर वेळ राखून ठेवावा. मापं माझ्याकडं आहेत. गवंडीही माहितीतला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती.)